नातेपुते ते पंढरपूर: आषाढी वारीचे शेवटचे पाच टप्पे कसे चालावेत

नोकरीत अठरा-वीस दिवसांची सलग रजा मिळत नाही, घरी म्हातारं माणूस असतं, कुणाची पेरणी अडलेली असते. आळंदीपासून सगळी वारी चालणं प्रत्येकाला जमत नाही. मग माणूस ठरवतो की शेवटचे काही दिवस तरी पायी जाऊ. ठरवणं चांगलंच आहे. पण त्यातले बरेच जण दशमीला थेट वाखरीला उतरतात, तिथून पुढचे सहा-सात किलोमीटर चालतात आणि रात्री पंढरपुरात पोचेपर्यंत इतके वैतागलेले असतात की पुन्हा त्या वाटेला जायचं नाव काढत नाहीत. कारण वाखरीपासून पुढे तुम्ही चालत नसता, गर्दी तुम्हाला नेत असते.

माझं ऐकाल तर पाच दिवस काढा आणि नातेपुत्यापासून चाला. अगदीच जमत नसेल तर माळशिरसपासून. माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या, पालखी सोहळ्यातली चारही गोल रिंगणं (मैदानात वारकरी आणि अश्व धावतात ती) याच पट्ट्यात होतात, धावा इथेच होतो, बंधुभेट इथेच होते. अंतर म्हणाल तर रोजचे दहा ते वीस किलोमीटर, शेवटच्या दिवशी त्याहून कमी. मात्र हे टप्पे किलोमीटरवर जोखू नका. मोकळ्या रस्त्यावर चार तासांत संपणारी वाट पालखीबरोबर सकाळी सहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपते. तेव्हा नुसते पाय तयार असून भागत नाही, बारा तास रस्त्यावर उभं राहण्याची, थांबण्याची, बसून वाट बघण्याची तयारी लागते. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

दिवस तिथीने मोजा

रजा टाकण्याआधी पालखीचं छापील वेळापत्रक मिळवा. पालखी दशमीला पंढरपुरात पोचते, हे पक्कं. तिथून मागे मोजत जायचं. दशमीला वाखरीहून पंढरपूर, नवमीला भंडीशेगावहून वाखरी, अष्टमीला वेळापूरहून भंडीशेगाव, सप्तमीला माळशिरसहून वेळापूर आणि षष्ठीला नातेपुत्याहून माळशिरस. म्हणजे पंचमीच्या रात्री तुम्ही नातेपुत्यात असायला हवं. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की हा हिशेब एखाद्या दिवसाने सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखांवरून किंवा फिरत आलेल्या संदेशावरून तिकीट काढू नका.

नातेपुत्याला पोचताना लक्षात ठेवा की पालखी बरड सोडून धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते त्या दिवशी या रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडून वळवलेली असते. एसटी तुम्हाला कुठल्या तरी फाट्यावर उतरवेल आणि तिथून मुक्कामापर्यंत सगळं सामान डोक्यावर. पालखी यायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी अगदी पहाटे पोचलात तर हे टळतं.

तुकोबांच्या पालखीबरोबर जायचं असेल तर वाट वेगळी आहे. अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली आणि मग वाखरी. तिथे अकलूजचं गोल रिंगण आणि माळीनगरचं उभं रिंगण बघायला मिळतं. तयारी, सामान, वागण्याच्या रीती दोन्हीकडे सारख्याच. पुढचं वर्णन माउलींच्या वाटेचं आहे.

दिंडीत की मोकळं?

पहिल्यांदा जाणाऱ्याने दिंडीतच, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटातच, जावं. मोकळं चालणारेही हजारोंनी असतात, त्यांना जेवण मिळतं, पाणी मिळतं, कुणी ना कुणी पडवीत जागाही देतं. पण रात्री पाऊस आला, पाय सुजला, बरोबरचं माणूस हरवलं, तर मोकळ्या माणसाला सांगायला कुणी नसतं. दिंडीत तंबू असतो, स्वयंपाक असतो, सामानाचा ट्रक असतो आणि नाव घेऊन हाक मारणारं माणूस असतं.

दिंडीत शिरायचं तर महिना-दोन महिने आधी ओळखीतून विचारा. प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत वारीला जाणारं कुणीतरी असतंच. दिंडीप्रमुखांना स्पष्ट सांगा: नातेपुत्याला येतो, एकादशीपर्यंत आहे, बरोबर इतकी माणसं. भिशी (माणशी वर्गणी) किती, त्यात काय काय येतं (दोन वेळचं जेवण, तंबू, पंढरपुरातला मुक्काम), अंथरूण आपलं की त्यांचं, हे आधीच बोलून घ्या. पंढरपुरातल्या मुक्कामाचं मुद्दाम विचारा. काही दिंड्यांचा स्वतःचा मठ किंवा ठरलेला वाडा असतो, काहींचा तंबू नदीपलीकडच्या '६५ एकर' नावाच्या तळावर पडतो. दशमीच्या रात्री नऊ वाजता हे शोधत बसण्यात अर्थ नसतो.

दिंडीचा क्रमांक पाठ करा आणि ती पालखीच्या रथापुढची की रथामागची तेही. माउलींच्या सोहळ्यात 'रथामागे अमुक नंबर' हाच तुमचा पत्ता. हरवलात तर पोलीस, चोपदार (सोहळ्याची शिस्त राखणारे दंडधारी), चहावाला, सगळे तोच विचारतील.

दिंडीची शिस्त साधी आहे, पण ती कुणी समजावून सांगत नाही, चुकलात की एखादी आजी दंडाला धरून बाजूला करते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागे विणेकरी, त्यामागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. पताका आणि विणा यांच्या मधली जागा भजनाची. टाळ नसेल तर तिथे घुसायचं नाही, विण्याच्या मागे चालायचं. चालत्या दिंडीला आडवं कापून जायचं नाही. कुणी पाया पडलं तर आपणही वाकायचं, वय-जात-हुद्दा बघायचा नाही. आणि नाव माहीत नसेल तर हाक एकच: माउली.

पाय आधी, बाकी नंतर

दीड-दोन महिने आधी चालायला लागा. रोज पाच किलोमीटर, रविवारी दहा-बारा. शेवटच्या दोन आठवड्यांत निदान दोनदा तरी लागोपाठ दोन दिवस पंधरा किलोमीटर चालून बघा. कारण पहिल्या दिवशी कुणालाच काही होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पोटऱ्या काय म्हणतात ते महत्त्वाचं. आणि डांबरी रस्त्यावर चाला, बागेतल्या मातीवर नाही. पालखी महामार्ग आता चौपदरी झाला आहे आणि बऱ्याच लांबीत सिमेंटचा आहे. सिमेंट तापतं आणि पायाला दबत नाही. जुन्या रस्त्यावरच्या झाडांची सावलीही रुंदीकरणात कमी झाली. जिथे कडेला मातीची पट्टी असेल तिथे तिच्यावरून चाला, नडग्या वाचतात.

पादत्राण नवं नको. निदान महिनाभर घातलेलं हवं. मागे पट्टा असलेली, जाड तळव्याची सॅंडल मला बुटांपेक्षा बरी वाटते. पावसात बूट आतून भिजतो आणि दिवसभर सुकत नाही, ओल्या मोज्यात पाय शिजतो. फोड येतात ते त्यानेच. ज्यांना बुटांचीच सवय आहे त्यांनी मोज्यांचे तीन-चार जोड ठेवावेत आणि दुपारच्या विसाव्याला बदलावेत. अंगठ्याची चप्पल मात्र चिखलात रुतते, गर्दीत मागच्याचा पाय पडून तुटते. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तुमचा प्रश्न, पण मधुमेह असलेल्याने तो करू नये. तळव्याची जखम त्यांना कळत नाही आणि भरतही नाही.

रोज निघण्यापूर्वी टाचा, बोटांच्या बेचक्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा. मांड्या घासून सोलवटणं हे फोडापेक्षा जास्त माणसांना बसवतं, फक्त कुणी बोलत नाही. पाय चुरचुरला की त्याच क्षणी थांबा, बघा, चिकटपट्टी लावा. 'विसाव्याला बघू' म्हटलं की फोड झालाच म्हणून समजा. लहान फोड फोडू नका. मोठा, टम्म असेल तर जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा आणि पट्टी करा. मधुमेही असाल तर हेही स्वतः करू नका, वाटेवर जागोजागी दवाखाने असतात तिथे दाखवा. संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून भिंतीला किंवा ट्रकच्या चाकाला टेकवून पंधरा मिनिटं वर ठेवले की सकाळचा फरक कळतो.

ट्रकमध्ये काय, खांद्यावर काय

सामान दोन भागांत करा. मोठी पिशवी ट्रकमध्ये जाते आणि ती थेट रात्री मुक्कामी मिळते. तिच्यावर मोठ्या अक्षरात नाव, गाव, दिंडी क्रमांक. आतलं सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं, कारण ताडपत्री कुठेतरी गळतेच. दोन जोड कपडे, चादर, पातळ सतरंजी, टॉवेल, विजेरी, दोरी, ताट-वाटी-तांब्या. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि घासते. धोतर, पायजमा, सुती साडी, सलवार, जे लवकर वाळेल ते.

खांद्यावरची झोळी हलकी. पाण्याची बाटली, रोजची औषधं (पूर्ण पाच दिवसांची, कारण माळशिरसच्या दुकानात तुमची गोळी असेलच असं नाही), ओआरएसच्या पुड्या, चिकटपट्ट्या, मूठभर शेंगदाणे-गूळ, टोपी, कोरडे मोजे. पावसासाठी रेनकोटपेक्षा वारकरी वापरतात तो प्लास्टिकचा मोठा कागद घ्या. डोक्यावरून घेतला की झोळीही झाकते, बसायला अंथरता येतो आणि रात्री खाली घालता येतो. ओळखपत्राची प्रत आणि थोडे पैसे आतल्या खिशात. दागिने घरी ठेवा, मंगळसूत्रही साधं पोतीचं घाला. रिंगणाच्या गर्दीत चोर असतात आणि तेही टोपी-बुक्का लावून असतात.

मोबाइलवर भरवसा नको. वाखरीच्या आसपास लाखो फोन एकाच जागी येतात, नेटवर्क गळपटतं, चार्जिंगला जागा नसते. बरोबरच्या माणसांचे नंबर कागदावर लिहून घ्या. लहान मूल किंवा विसरभोळं माणूस बरोबर असेल तर त्याच्या खिशात नाव, दिंडी क्रमांक आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच.

दिवस कसा सरतो

पहाटे साडेतीन-चारला तळ जागा होतो. अंघोळ टँकरच्या पाण्याने किंवा विहिरीवर. बायका बहुधा त्याहून आधी उठून अंधारातच उरकतात, कारण उजाडल्यावर आडोसा राहत नाही. पाचपर्यंत तंबू उतरतात आणि ट्रक पुढे निघतात. तुमची पिशवी तोवर बांधलेली नसेल तर ती तुमच्याच डोक्यावर राहील.

सहा-साडेसहाला पालखी हलते. सकाळचं चालणं सगळ्यात सुखाचं असतं, जास्तीत जास्त अंतर तेव्हाच कापा. मग न्याहारी, एखादा विसावा, दुपारी भोजनाची लांब विश्रांती. त्या विश्रांतीत गप्पा मारत बसू नका, झोपा. दुपारनंतर हरिपाठ म्हणत दिंड्या चालतात, तेव्हा पाय आपोआप तालावर पडतात आणि थकवा कमी जाणवतो.

मुक्कामी पोचल्यावर लगेच तंबू शोधायला पळू नका. समाजआरती बघा. पालखी तळावर येते, दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि तो सगळा आवाज थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार त्यांच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, तिथेच निवाडा होतो. त्यानंतर सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते जाहीर होतं. ही वेळ नीट ऐका. छापील वेळापत्रकापेक्षा ती खरी.

टप्प्याटप्प्याने

नातेपुते ते माळशिरस, सुमारे अठरा किलोमीटर. दुपारचं भोजन मांडवी ओढ्याला, त्यानंतर पुरंदावड्याजवळ पहिलं गोल रिंगण. रिंगणाबद्दल इथेच सांगतो, कारण पुढे रोजच ते येतं. मोठ्या मैदानात मधोमध पालखी, तिच्याभोवती दिंड्या आणि त्यांच्याभोवती धावण्यासाठी मोकळी ठेवलेली वर्तुळाकार वाट. आधी पताकावाले धावतात, मग तुळशी आणि हंडेवाल्या बायका, विणेकरी, टाळकरी. शेवटी दोन अश्व: एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, तो माउलींचा. अश्व फेऱ्या पूर्ण करून गेले की लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाटेवर झेपावतात. रेटारेटी होते ती नेमकी याच क्षणी. लहान मूल खांद्यावर असेल, गुडघा दुखत असेल, तर अश्व गेल्यावर दोन मिनिटं जागेवरच बसून राहा. माती कुठे जात नाही.

रिंगण दिसावं म्हणून कडेच्या ट्रॅक्टरवर, झाडावर, कमानीवर चढणारे दरवर्षी पडतात. दिंडीत असाल तर तुम्हाला आत जागा मिळते. मोकळे असाल तर दोन तास आधी पोचून पुढच्या ओळीत खाली बसा. रिंगण संपल्यावर उडीचे खेळ, फुगड्या, पावल्या चालतात. ते बघण्यात आणि खेळण्यात वेळ घाला, तोवर रस्त्यावरची गर्दी विरळ होते.

माळशिरस ते वेळापूर, जवळपास तेवढंच अंतर. सकाळी खुडूस फाट्याला दुसरं गोल रिंगण. ते न्याहारीच्या सुमारास होतं, म्हणून माळशिरसहून निघायला उशीर केलात तर नुसती धूळ बघायला मिळते. दुपारनंतर धावाबावीचा माउंट, म्हणजे टेकाड, लागतो. इथल्या चढावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. तिथे एकनाथांची भारुडं होतात आणि मग दिंड्यांमागून दिंड्या उतारावरून धावत वेळापूरकडे सुटतात. बघणाऱ्यालाही राहवत नाही. धावायचंच असेल तर चपलेचा पट्टा बघून घ्या, झोळी पुढे घट्ट धरा, शेजारच्याचा हात धरू नका. एक पडला की दोन पडतात. घोटा मुरगळण्याचे सगळ्यात जास्त प्रकार मी याच उतारावर पाहिलेत. वेळापुरात तळ लवकर लागला आणि पायात जीव असेल तर अर्धनारीनटेश्वराचं जुनं हेमाडपंती मंदिर बघून या.

वेळापूर ते भंडीशेगाव हा मधला सगळ्यात लांब दिवस, वीसेक किलोमीटरचा. ठाकूरबुवांच्या समाधीजवळ तिसरं गोल रिंगण, तोंडले-बोंडल्याला भोजन. पुढे 'टप्पा' नावाच्या ठिकाणी माउली आणि त्यांचे धाकटे भाऊ सोपानकाका यांच्या पालख्या भेटतात, ती बंधुभेट. तोंडले-बोंडल्याच्या आसपास तुकोबांच्या वाटेवरची माणसंही येऊन मिळतात आणि रस्ता एकाएकी दुप्पट भरतो. बरोबरच्यांची चुकामूक इथून पुढे सुरू होते. सकाळीच ठरवून ठेवा की चुकलो तर पुढच्या विसाव्याला दिंडीच्या पताकेखाली भेटायचं. मागे वळून शोधायला कुणीही जायचं नाही. प्रवाहाविरुद्ध अर्धा किलोमीटर जाणं म्हणजे दीड तास.

भंडीशेगाव ते वाखरी अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण दिवस भरगच्च. बाजीरावाच्या विहिरीपाशी उभं आणि गोल अशी दोन्ही रिंगणं. उभ्या रिंगणात दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या राहतात आणि अश्व मधून धावतात, त्यामुळे कडेला उभं राहिलं तरी दिसतं. आसपासच्या गावांतून माणसं जीपा भरभरून येतात. सकाळी भरपेट खाऊन निघा, बाटली भरून घ्या, कारण एकदा मैदानात बसलात की तीन-चार तास उठता येत नाही.

वाखरी म्हणजे संतांचा मेळा. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, सासवडहून सोपानकाका, पैठणहून नाथ, देहूहून तुकोबा, सगळ्या पालख्या इथे येतात आणि त्यांना न्यायला पंढरपुराहून नामदेवरायांची पालखी येते. रात्र मात्र कठीण. पाण्याला रांग, संडासाला रांग, पाऊस असेल तर काळ्या मातीचा चिखल. तंबूत शिरताना चपला आत घ्या, बाहेर ठेवलेल्या चिखलात जातात. रात्री विजेरी घेतल्याशिवाय शेताच्या बाजूला जाऊ नका, पावसाळ्यात साप असतात.

दशमीला दुपारच्या सुमारास एकेक पालखी निघते, माउलींची सगळ्यांच्या मागे. इसबावीला शेवटचं उभं रिंगण होतं. पुढे वडार समाजाची मंडळी रथ ओढतात आणि नंतर पादुका शितोळे सरकारांच्या (माउलींच्या अश्वांचे मानकरी) गळ्यात देऊन नगरात नेतात. हे सगळं पाहायचं असेल तर पोचायला रात्र होईल हे धरून चाला. ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं किंवा मुलं आहेत त्यांनी सकाळीच, पालख्या निघण्याआधी, सरळ पंढरपूर गाठावं. त्यात कमीपणा काही नाही.

पाणी, पोट आणि बाकीचं

वाटेवर अन्नदानाला तोटा नसतो. केळी, चहा, पोहे, उसळ, ताक, शिरा, लाडू, पन्नास पावलांवर कुणीतरी हात धरून वाढतं. नाही म्हणणं अवघड जातं, पण म्हणा. वारीत माणसं उपाशी राहून आजारी पडत नाहीत, सगळीकडे थोडं थोडं खाऊन पडतात. समोर शिजलेलं, गरम असलेलं घ्या. कापून ठेवलेलं फळ, बर्फ घातलेलं सरबत, उघड्यावरचं दुधाचं काही घेऊ नका. पाणी सरकारी टँकरचं किंवा दिंडीचं. मेडिक्लोरचे थेंब आरोग्य खात्याची माणसं वाटतात, ते मागून घ्या. जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा, दवाखान्यात जा आणि त्या दिवशी चालू नका. १०८ ची रुग्णवाहिका पालखीबरोबर असते.

तळावर फिरती शौचालयं असतात, पण पहाटे चारनंतर तिथे मोठी रांग लागते. रात्री झोपण्यापूर्वी ती कुठे आहेत ते बघून ठेवा आणि साडेतीनलाच उरका. बायकांनी पाणी कमी पिऊन दिवस काढायचा प्रकार फार होतो, उन्हात भोवळ येते ती त्यामुळे. वाटेवरच्या घरांत विचारा. या दिवसांत या भागात कुणीही बाईला दारातून परत पाठवत नाही. सॅनिटरी पॅड बरोबर ठेवा.

पंढरपुरात पोचल्यावर

आधी मुक्काम, मग बाकी. भेटायची जागा 'देवळाजवळ' अशी ठरवू नका, तिथे उभं राहता येत नाही. मठाचं नाव किंवा तंबूचा क्रमांक पाहिजे.

चंद्रभागेचं स्नान एकादशीच्या पहाटे. भीमेचं पाणी इथे पावसावर कमी आणि वर उजनी-वीर धरणांतून सोडलेल्या पाण्यावर जास्त अवलंबून असतं. वाळवंट कोरडं दिसलं तरी ध्वनिक्षेपकावरच्या सूचना ऐका, घोट्याच्या वर पाण्यात जायची गरज नाही. खड्डे दिसत नाहीत.

दर्शनाचं आधीच ठरवा. पायावर डोकं ठेवायचं असेल तर पदस्पर्शाची रांग, ती गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि तिला अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढलेला असतो, म्हणजे देव झोपत नाही आणि दर्शन रात्रंदिवस सुरू राहतं. तरीही पाच दिवस चाललेल्या पायांनी या रांगेत उभं राहू नये, असं माझं मत. मुखदर्शनाची रांग लहान असते. आणि बरेचसे जुने वारकरी तीही करत नाहीत. नामदेव पायरीला आणि समोर चोखोबांच्या समाधीला हात लावतात, कळसाकडे बघून हात जोडतात, नगरप्रदक्षिणा करतात आणि मुक्कामी येऊन भजनाला बसतात. पायाला टेकायचंच असेल तर पौर्णिमेनंतर, गर्दी ओसरल्यावर पुन्हा या.

एकादशीचा उपास आहे म्हणून साबुदाणा आणि तळलेलं पोटभर खाऊ नका. केळी, राजगिरा, ताक आणि भरपूर पाणी. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत त्यांनी उपास करूच नये. बाकीच्यांनी द्वादशीला पारण्याला दिंडीत जेवायचं.

परतीचा रस्ता

पालख्या पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यापर्यंत थांबतात, पण तुमची रजा संपलेली असते. एकादशीच्या दुपारनंतर सगळे एकदम निघतात. एसटी महामंडळ शहराबाहेर वेगवेगळ्या दिशांना तात्पुरती बसस्थानकं उभारतं आणि कुठल्या जिल्ह्याची गाडी कुठून सुटेल ते दरवर्षी जाहीर करतं. चुकीच्या स्थानकावर गेलात तर गर्दीतून पाच-सहा किलोमीटर उलटं चालावं लागतं, म्हणून हे पंढरपुरात पोचायच्या आधीच बघून ठेवा. रेल्वेही जादा गाड्या सोडते, मिरज आणि कुर्डुवाडीच्या बाजूला जाणाऱ्यांना ती सोयीची. द्वादशीला पारणं सोडून, दुपारनंतर निघालात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. ट्रकमधली मोठी पिशवी निघण्याच्या आदल्या रात्रीच ताब्यात घ्या आणि ज्यांच्या दिंडीत राहिलात त्या प्रमुखांना पुढच्या वर्षी किती जण येणार ते सांगूनच निघा, कारण त्यांची यादी तिथेच सुरू होते.